बंद झालेल्या गोळीनं त्रास झाला असेल तं भरपाईचा अर्ज कुठं करायचा, कागद कोणते लागतात

सोयाबीनची सोंगणी आटोपली का आमच्या दारव्हा भागात मेडिकलवर गुडघ्याच्या, कंबरेच्या गोळ्या घेणाऱ्यांची गर्दी होते, निम्म्या लोकांजवळ डॉक्टरची चिठ्ठी नसते अन् बिल तं कोणी मागतच नाही. उद्या त्यातली एखादी गोळी बंद झाली अन् तिच्यानं कोणाला काही झालं असलं, तं भरपाई मागता येते, पण बिलच नसलं का गाडी तिथंच अडते.

व्हायॉक्सचंच घ्या. मर्क कंपनीची सांधेदुखीची गोळी, हार्ट अटॅकचा धोका दिसला म्हणून 30 सप्टेंबर 2004 ला कंपनीनं बाजारातून मागे घेतली. अमेरिकेत हजारो लोकांनी केसेस टाकल्या अन् नोव्हेंबर 2007 मध्ये 4.85 अब्ज डॉलरवर तडजोड झाली, कंपनीनं चूक मात्र कबूल केली नाही. पैसे सरसकट नाही वाटले. हार्ट अटॅक, अचानक हृदय बंद पडून मृत्यू, नाही तं रक्त अडून झालेला लकवा, याचे दवाखान्याचे कागद पाहिजे, किमान 30 गोळ्या मिळाल्याचा पुरावा पाहिजे, अन् त्रास व्हायच्या आधीच्या 14 दिवसांत गोळी चालू होती हे दिसलं पाहिजे. एवढं जमलं तरच पुढं वय, किती दिवस घेतली, आधीपासून काय आजार होते, हे पाहून पॉइंट अन् पॉइंटवर रक्कम. ही तडजोड अमेरिकेपुरतीच होती. आपल्याकडे डिसेंबर 2004 मध्ये ते औषध, म्हणजे रोफेकॉक्सिब, बंद केल्या गेलं.

आपल्याकडचा रस्ता म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सदोष मालाची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर टाकता येते, धोक्याची पुरेशी सूचना दिली नसली तरीही. गोळी पैसे देऊन घेतलेली पाहिजे. पीएचसीतून, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रातून, फुकट मिळाली असेल तं आधी वकिलाला विचारा, कारण तिथं ग्राहक कोण हाच प्रश्न येते. माणूस गेला असेल तं वारसांना तक्रार करता येते, त्याले मृत्यूचा दाखला अन् वारसाचे कागद लागते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच चालते, मुंबईच्या कंपनीसाठी मुंबईला जावं लागत नाही. मुदत 2 वर्षं, उशीर झाला तं कारण लेखी द्या. फी मालाच्या किमतीवर असते, 5 लाखांपर्यंत काहीच नाही, म्हणजे गोळीवाल्या माणसाला बहुतेक फी लागतच नाही.

एकाच गोळीचा त्रास गावातल्या चार-पाच जणांना असला तं आयोगाची परवानगी घेऊन सगळ्यांच्या वतीनं एकच तक्रार टाकता येते (कलम 35). हे लोकांना माहीतच नाही म्हणून जीव तुटते, एकटा माणूस कंपनीसमोर घाबरून जाते.

आता कागद. चिठ्ठी, पक्कं बिल, डिस्चार्ज कार्ड, ईसीजी, रिपोर्ट, आधार, अन् शपथपत्र. बिलावर बॅच नंबर आहे का ते तिथंच उभं राहून पाहा. माझ्या मोठ्या आईच्या बिस्किटाच्या डब्यात रिकाम्या पट्ट्या जपून ठेवल्या होत्या, मी एकेक उजेडात धरून पाहिली तं मेडिकलवाल्यानं कैचीनं चार-चार गोळ्या कापून दिल्या होत्या अन् बॅच नंबरचं टोक त्याच्याच दुकानात राहिलं होतं. एवढी जपणूक करूनही एकाही पट्टीवर नंबर नव्हता. म्हणून शक्यतो अख्खी पट्टी घ्या, नाही तं नंबरवाल्या टोकाकडूनच कापून मागा अन् मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

वकिलाची ऐपत नसली तं तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, बाया, अनुसूचित जाती-जमाती अन् अपंग यांना उत्पन्न न पाहता वकील फुकट मिळते. तक्रार कशी टाकायची ते ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर विचारता येते.

अन् केस करायची नसली तरी त्रासाची नोंद करा. 1800-180-3024 या टोल फ्री नंबरवर औषधाच्या दुष्परिणामाची माहिती कोणीही देऊ शकते, पेशंटचे घरचेही. फोन करताना गोळीचं नाव, कधी चालू केली, कधी त्रास झाला अन् बॅच नंबर समोर घेऊन बसा.