ऑनलाइन दुकान कशावर उभारायचं? आधी माल बघू

कोल्हापुरात शाहूपुरीत आम्ही ऑनलाइन दुकानं उभारून देतो. आमच्या ऑफिसात येणारे बहुतेक जण खुर्चीत बसता बसताच विचारतात, "शॉपिफाय घेऊ की वूकॉमर्स?" आम्ही उलट विचारतो, "विकायचं काय आहे?" प्लॅटफॉर्म म्हणजे ज्यावर ऑनलाइन दुकान उभं राहतं ते सॉफ्टवेअर किंवा सेवा, आणि तो कुठला घ्यायचा याचं उत्तर मालात असतं. चपलेच्या दुकानाला जे सोयीचं, ते गुजरीतल्या सराफाला अडचणीचं होऊ शकतं, आणि गुळाच्या व्यापाऱ्याला कदाचित यातलं काहीच लागत नाही. रोज तेच तेच समोरासमोर सांगत बसण्यापेक्षा लिहून हातात द्यावं, म्हणून हे पत्रक. वाचून तुमचं तुम्हीच ठरवलंत, तरी आम्हाला आनंदच आहे.

विकायच्या जागा किती तऱ्हेच्या

सर्वात साधी जागा तुमच्या खिशातच आहे. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कॅटलॉग करता येतो, त्यात फोटो, भाव आणि माहिती टाकता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. दिवसाला पाच-सात ऑर्डरी असतील आणि बहुतेक गिऱ्हाईक ओळखीचं असेल, तर वर्षभर हेच चालवा. वेबसाइट करायला आलेल्या लोकांना आम्ही हे सांगून परत पाठवलेलं आहे.

दुसरी जागा म्हणजे ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांच्यासारखा बाजार. गर्दी त्यांची, नियम त्यांचे, आणि गिऱ्हाइकाचा पत्ता-फोनही एका अर्थी त्यांचाच. आज तुमच्याकडून जोड घेतलेला माणूस उद्या तिथेच दुसऱ्याचा स्वस्त जोड बघतो. तरी सुरुवातीला मालाला मागणी आहे का हे कळायला ही जागा चांगली. विक्री त्यांच्यामार्फत झाली की मालाच्या रकमेवर जीएसटीचा ०.५ टक्के टीसीएस आणि प्राप्तिकराचा ०.१ टक्के टीडीएस (तुमच्या नावे सरकारकडे आगाऊ भरायचे दोन कर) कापून पैसे येतात. हे पैसे बुडत नाहीत, विवरणपत्रात मिळतात, पण हिशेबात धरले नाहीत तर महिन्याअखेरीस गल्ला जुळत नाही. उलाढाल जीएसटीच्या मर्यादेखाली असलेल्या छोट्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी न करताही अशा बाजारात माल विकता येतो, मात्र फक्त आपल्या राज्यात, आणि त्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवरून वेगळा नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पुण्याला पार्सल चालेल, बेळगावला नाही. आपल्याकडून बेळगाव पुण्यापेक्षा निम्म्या अंतरावर आहे, म्हणून हे ठळकपणे सांगतो.

तिसरी जागा भाड्याच्या गाळ्यासारखी, म्हणजे शॉपिफाय. ही कॅनडातली कंपनी. दर महिन्याला भाडं भरायचं; सर्व्हर, सुरक्षा, अपडेट यांची काळजी तिची. दुकान आठवड्याभरात उभं राहतं आणि घरातलं कुणीही मोबाईलवरून ऑर्डरी बघू शकतं.

चौथी जागा स्वतःची. वूकॉमर्स हे वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालणारं, २०११ मध्ये आलेलं मोफत सॉफ्टवेअर. मोफत म्हणजे सॉफ्टवेअर मोफत. होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), डोमेन (साइटचा इंटरनेटवरचा पत्ता) आणि देखभाल करणारा माणूस यांचे पैसे तुमचे. वर्डप्रेसचा डॅशबोर्ड मराठीत करून घेता येतो. दुकानात बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना त्याचा फार उपयोग होतो, असा आमचा अनुभव आहे.

मॅजेंटो या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरचं नावही लोक ऐकून येतात. २०१८ पासून ते ॲडोबीकडे आहे, ताकदीचं आहे, हजारो वस्तू आणि अनेक गोदामं सांभाळतं. पण त्याला मोठा सर्व्हर आणि कायमचा डेव्हलपर लागतो. कोल्हापुरातल्या एका दुकानासाठी आम्ही ते सुचवत नाही.

चप्पल: मापाचा आणि खोक्याचा प्रश्न

आमच्याकडे सर्वाधिक चौकशी चप्पल लाईनीतून येते, म्हणून इथे जरा थांबू.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच चपला दिसल्या, मुळाचा उल्लेख नव्हता म्हणून वाद झाला, आणि त्यानंतर परदेशातूनही विचारणा होते असं दुकानदार आम्हाला सांगू लागले. संधी खरी आहे. पण ऑनलाइन चप्पल विकताना पैसा जातो तो दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी प्लॅटफॉर्मचं नाव गौण आहे.

पहिलं ठिकाण माप. हाताने केलेल्या जोडाचा ८ नंबर आणि कंपनीच्या बुटाचा ८ नंबर पायाला एकसारखा लागत नाही. दुकानात कारागीर पाय बघूनच सांगतो, "तुम्हाला कापशी नको, पट्टी रुंद घ्या." कापशी हा कोल्हापुरीचाच एक प्रकार. वेबसाइटवर ते सांगणारं कुणी नसतं. मग जोड परत येतो, जाण्यायेण्याचं कुरिअर तुमच्या अंगावर पडतं आणि नफा संपतो. म्हणून प्रत्येक वस्तूच्या पानावर नंबरासोबत तळव्याची लांबी सेंटिमीटरमध्ये द्या, आणि कागदावर पाय ठेवून पेन्सिलने माप कसं काढायचं याचा एक फोटो टाका. कातडं नैसर्गिक रीतीने कमावलेलं असेल तर रंग थोडा वेगळा दिसेल, पहिले काही दिवस चप्पल कडक वाटेल, हेही तिथेच लिहा. आमच्या मते महागड्या थीमपेक्षा (साइटच्या तयार सजावटीपेक्षा) या चार ओळी जास्त कामाच्या आहेत.

दुसरं ठिकाण खोकं. कुरिअरवाले वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त, त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. येईल ते किलोतलं वजन. बुटाच्या नेहमीच्या खोक्याचं माप ३२ × २० × ११ धरा. उत्तर १.४ किलो येतं, म्हणजे दीड किलोचा दर. काट्यावर जोड ८०० ग्रॅमच भरतो! कोल्हापुरी सपाट असते, तळवे समोरासमोर ठेवले तर ३० × १४ × ९ च्या खोक्यात बसते. त्याचं उत्तर पाऊण किलो, मग एक किलोच्या दरात काम होतं. लक्ष्मीपुरीत असं खोकं बनवून घेता येईल. वेबसाइट सुरू करण्याआधी हे करा.

आता प्लॅटफॉर्म. सात नंबर, चार रंग, दोन प्रकारच्या पट्ट्या म्हटलं की एकाच चपलेचे ५६ पर्याय होतात. शॉपिफाय आणि वूकॉमर्स दोन्ही हे सांभाळतात. फरक खर्चात पडतो. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे बाहेरचा गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे तुमच्यापर्यंत आणणारी सेवा, जोडावा लागतो, आणि तसं केलं की बेसिक प्लॅनवर शॉपिफाय प्रत्येक व्यवहारावर आणखी २ टक्के घेतं. दोन हजारांच्या जोडावर गेटवेचे २ टक्के म्हणजे ४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७ रुपये २० पैसे, वर शॉपिफायचे ४०. महिन्याला असे शंभर जोड गेले तर नुसते शॉपिफायचे चार हजार, भाडं वेगळं. कॅश ऑन डिलिव्हरीवर हे २ टक्के लागत नाहीत, पण तिथे दारात नाकारलेल्या पार्सलांचा भुर्दंड असतो. वूकॉमर्सवर हे जादा २ टक्के नाहीत. त्या जागी होस्टिंग आणि देखभाल आहे.

आमचा सल्ला असा: परदेशात विकायचं असेल आणि तांत्रिक कटकट नको असेल तर शॉपिफाय, मुख्यतः देशातच विकायचं असेल आणि साइट सांभाळणारा भरवशाचा माणूस जवळ असेल तर वूकॉमर्स. परदेशासाठी आयईसी (आयात-निर्यात) क्रमांक आधी काढा. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तो पॅनवर मिळतो, फी ५०० रुपये. पोस्टाच्या डाकघर निर्यात केंद्रातूनही पार्सल पाठवता येतं.

सराफाचं गणित वेगळं

सोन्याचा भाव रोज बदलतो. दोनशे दागिन्यांचे भाव रोज सकाळी हाताने बदलणं कुणालाही जमणार नाही. तुम्हाला अशी साइट हवी, जिच्यात आजचा दर एकदा भरला की वजन गुणिले दर, अधिक मजुरी, अधिक ३ टक्के जीएसटी असा हिशेब आपोआप होऊन प्रत्येक पानावर नवा भाव दिसेल. वूकॉमर्समध्ये हे थोडं काम करून नीट बसवता येतं आणि एकदा बसलं की बसलं. शॉपिफायवर त्यासाठी वेगळं ॲप घ्यावं लागतं, आणि ॲपला बहुधा महिन्याचं भाडं असतं.

सोन्याचं पार्सल नेहमीच्या कुरिअरने जात नाही, विमा असलेली वेगळी सेवा लागते. म्हणून सोन्याचा साज, ठुशी यांसाठी आम्ही 'दुकानात या किंवा फोन करा' असं बटण ठेवायला सांगतो. हुपरीची चांदी आणि एक ग्रॅमचे दागिने मात्र थेट विका. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो. तो काय आणि कसा तपासायचा हे पानावर सांगितलंत, तर अनोळखी गिऱ्हाइकाचा विश्वास बसायला मदत होते.

गूळ, मसाला आणि उद्यमनगर

कोल्हापूरच्या गुळालाही २०१४ पासून मानांकन आहे. पण गूळ जड आणि किमतीला हलका. गुळाच्या एक किलोच्या रव्यावर (ढेपेवर) कुरिअरचा खर्च मालाच्या किमतीला जाऊन भिडतो. पाच किलोच्या खाली ऑर्डर घेऊ नका, किंवा कांदा-लसूण मसाल्याबरोबर जोडून पेटी करा. हंगामापुरती विक्री असेल तर व्हॉट्सॲप पुरतं. खाण्याचा कुठलाही पदार्थ असला तरी एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक हवाच.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखानदारांना तर 'कार्ट' लागतच नाही. कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) कुणी बटण दाबून विकत घेत नाही. साधी वर्डप्रेसची साइट, यंत्रांचे फोटो, कुठल्या धातूत किती वजनापर्यंत काम होतं याची यादी आणि 'कोटेशन मागवा' हा फॉर्म, एवढं बास.

किल्ल्या कुणाकडे?

हा भाग कृपया दोनदा वाचा. साइट चालू आहे, ऑर्डरी येत आहेत, आणि एक दिवस साइट बंद पडते, असे दुकानदार आमच्याकडे येतात. चौकशी केली की कळतं, डोमेन साइट करणाऱ्याच्या नावावर होतं, नूतनीकरणाचा ईमेल त्याच्याकडे जात होता, आणि तो आता फोन उचलत नाही. दुकानाचं नाव तुमचं, पाटी तुमची, आणि पत्ता दुसऱ्याच्या मालकीचा! आमच्या एका ग्राहकाला नवं डोमेन घेऊन छापलेल्या पिशव्या, खोकी, कार्डं सगळं बदलावं लागलं. ते बघून आम्हालाच फार वाईट वाटलं.

म्हणून काम कुणालाही द्या, पण डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाईल नंबरवर घ्या. होस्टिंग, शॉपिफायचं मालकाचं खातं, पेमेंट गेटवे हेही तसंच. आम्ही काम करतो तेव्हाही खाती तुमच्याकडूनच उघडून घेतो आणि आम्हाला फक्त कामापुरता प्रवेश मागतो. पहिल्या वर्षीचा सवलतीचा दर बघून फसू नका, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा दर किती ते आधी विचारा.

वूकॉमर्स असेल तर रोजचा बॅकअप, म्हणजे साइटची प्रत, सर्व्हरच्या बाहेर दुसरीकडे ठेवायला लावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या वह्या भिजल्या त्यांना याचं कारण सांगावं लागत नाही.

पुढे कधी प्लॅटफॉर्म बदलायचा झाला तर वस्तूंची आणि गिऱ्हाइकांची यादी फाईलमध्ये काढून नेता येते, पण शॉपिफायवरून गिऱ्हाइकांचे पासवर्ड नेता येत नाहीत. प्रत्येकाला नवा पासवर्ड करायला सांगावं लागतं. पानांचे पत्तेही बदलतात. जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेण्याची सोय केली नाही, तर गूगलमध्ये मिळवलेली जागा जाते. हे काम करणाऱ्याकडून लेखी कबूल करून घ्या.

कागदपत्रं

गेटवेच्या मंजुरीत बऱ्याच साइट अडकतात. त्यांना पॅन, बँक खातं आणि साइटवर परतीचं धोरण, गोपनीयता धोरण, अटी आणि संपर्काचं पान लागतं. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसारही विक्रेत्याचं नाव, पत्ता, परताव्याच्या अटी आणि तक्रार कुणाकडे करायची हे दाखवावं लागतं. पाकीटबंद माल असेल तर एमआरपी, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव आणि माल कुठल्या देशातला हे वस्तूच्या पानावर द्या. दुसऱ्याच्या साइटवरून धोरण उतरवून घेऊ नका. 'सात दिवसांत परत' असं लिहिलंत तर ते पाळावं लागेल, आणि मापावर करून दिलेल्या जोडासाठी ते तुम्हाला परवडणार आहे का, याचा विचार आधी करा.

पहिल्या भेटीला येताना

पहिल्या बैठकीचे आम्ही पैसे घेत नाही. येताना सर्वात जास्त खपणाऱ्या पाच वस्तू आणि त्या ज्या खोक्यात पाठवाल ती खोकी घेऊन या, वजनकाटा आणि टेप आमच्याकडे आहे. गेल्या तीन महिन्यांत बाहेरगावी किती पार्सलं गेली आणि किती परत आली, याचा वहीत असेल तसा हिशेब आणा. आणि ऑर्डर आल्यावर फोन उचलणार कोण, मुलगा, सून की दुकानातला माणूस, त्यालाही बरोबर घेऊन या. साइट रोज वापरायची ती त्यालाच, म्हणून दोन्ही प्लॅटफॉर्म त्याच्याच हातात देऊन एकेक ऑर्डर भरायला लावतो आणि मगच पुढचं बोलतो.