जुन्या ट्यूबलाइट मोडू नका, अख्ख्याच द्या

"ट्यूबा काढून ठेवल्यात, घेऊन जा," असा सोसायटीतून आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात फोन येतो. आमचा माणूस टेम्पो घेऊन पोचतो, तर गोणीत नुसती काच. चार फुटी ट्यूब गोणीत मावत नाही म्हणून कुणीतरी मधोमध मोडलेली असते. अशी गोणी आम्ही उचलत नाही. टेम्पो रिकामा परततो आणि तुमचंही काम अडतं.

कारण पारा. ३६ वॉटच्या ट्यूबमध्ये तो काही मिलिग्रॅमच असतो, जुन्या जाड ४० वॉटच्या ट्यूबमध्ये बराच जास्त. पण थर्मामीटरसारखा थेंब दिसत नाही. थोडा वाफेच्या रूपात आणि बाकीचा आतल्या पांढऱ्या भुकटीत मुरलेला असतो. ट्यूब फुटली की वाफ लगेच बाहेर पडते. भुकटीतला पारा मात्र पुढे कित्येक दिवस हवेत उडत राहतो, आणि त्याला ना रंग ना वास. घरात एखादी ट्यूब फुटली तर घाबरायचं कारण नाही, पण बंद मीटर रूममध्ये ढीगभर ट्यूबा फोडणाऱ्या सफाई कामगाराच्या छातीत तीच हवा जाते. पारा मेंदू, नसा आणि मूत्रपिंडांना बाधतो. कचरा डेपोतून तो पाण्यात उतरला की माशांत साठतो. जपानमध्ये मिनामाताला कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने माणसं आजारी पडली; तो आजार १९५६ मध्ये उघडकीस आला, पारा हे त्याचं कारण नंतर कळलं. त्याच गावाच्या नावाचा पाऱ्याविरुद्धचा करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला.

घरात फुटलीच तर आधी पंखा, एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि पंधरा मिनिटं मुलांसह खोलीबाहेर थांबा. केरसुणी नको, व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच. दोन्हींनी भुकटी घरभर होते. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, फरशी ओल्या कागदाने पुसा. तो कागदसुद्धा तुकड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. अशी बंद बरणी आम्ही दुकानात घेतो.

"भंगारवाला फुकट नेतो, तुम्ही पैसे का घेता?" असं बरेच जण विचारतात. त्याला टोकांचं ॲल्युमिनियम आणि चोकमधलं तांबं हवं असतं; काच नि भुकटी कुठेतरी टाकली जाते. आम्ही ट्यूबा अधिकृत रिसायकलरकडे पाठवतो. तिथे बंद यंत्रात ट्यूब फोडून पारा वेगळा काढतात. त्याचा आणि वाहतुकीचा खर्च येतो, तेवढाच आम्ही लावतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत पाऱ्याचे दिवेही येतात, त्यामुळे मोठ्या सोसायट्यांनी आमची पावती फाइलला लावून ठेवावी.

आमच्याकडून एलईडी ट्यूब बसवून घेतलीत तर तितक्याच जुन्या ट्यूबा मोफत नेतो. एलईडीत पारा नसतो आणि वीजही कमी लागते. चोक-स्टार्टर काढून वायरिंग बदलण्याचं काम आमचा वायरमनच करतो.

नव्या ट्यूबांची खोकी टाकू नका, जुन्या त्यांतच भरून कोरड्या जागी आडव्या ठेवा. खोकी नसतील तर दुकानातून रिकामी घेऊन जा, त्याचे पैसे नाहीत.