बिनधुराची चूल वर्ध्यातच झाली, मग धूर घरात राहिला कसा?

घरातली हवा म्हटलं की लोक लगेच एअर प्युरिफायरचं बोलतात, पण आपल्या विदर्भातल्या खेड्यात हा प्रश्न आधी चुलीच्या धुराचा आहे, आणि त्यावर काम सुरू झालं तेही इथंच, वर्ध्यात. १९३४ ला गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तेलघाणी, हातकागद असं सगळं बघत होते, त्याच कामातून मगन चूल निघाली. मातीचीच लांबट चूल, एका जाळावर दोन-तीन भांडी, मागून धूर वर न्यायला धुराडं, घरच्या बाईला लिंपून करता येईल अशी. मला हे फार मोठं काम वाटतं, बाईच्या डोळ्यातल्या पाण्याकडे तेव्हा बघत कोण होतं?

तसं जुन्या घरात धुराला वाट होती. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या फटीतून तो निघून जायचा, धाब्याच्या मातीच्या छताला सानं, म्हणजे धूर जायचं भोक असायचं. नंतर टिनं आली, स्लॅब आला, घर पक्कं झालं आणि त्या फटी बुजल्या, रांधायच्या खोलीला एकच खिडकी, तीपण थंडीत बंद. त्यात सरपण म्हणजे पऱ्हाटी (कपाशीच्या वाळल्या काड्या), तुराटी (तुरीच्या काड्या), गोवऱ्या. पऱ्हाटी भसकन पेटते अन् तेवढ्यातच विझते, म्हणून बाईला चुलीपुढून उठता येत नाही, काड्या आत सारत, फुंकणीनं फुंकत नेमकं धुराच्या तोंडाशी बसावं लागतं, आणि बऱ्याचदा लेकरूही मांडीवर असतं.

हा धूर शास्त्रीय पद्धतीनं मोजला गेला फार उशिरा. अमेरिकन संशोधक किर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत रांधणाऱ्या बायकांच्या अंगावरच मोजणीचं यंत्र लावलं, तो अभ्यास १९८३ ला छापून आला. त्याच वर्षी सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, २००२ पर्यंत चालला, देशात तीन कोटींच्या वर चुली बसल्या. बसल्या, पण टिकल्या किती! धुराड्याचा पाईप काजळीनं चोंदतो, तो साफ करावा लागतो, धुराडं छपराच्या वर नीट काढलं नाही तर धूर फिरून आत येतो, आणि घरचं मोठं गंज, म्हणजे पातेलं, चुलीच्या भोकावर बसत नसेल तर बाई ते भोक फोडून मोठं करणारच, तिचं काय चुकलं. बसलेल्या चुली मोजल्या की काम झालं असं धरलं गेलं, माझ्या मते खरी चूक तिथं झाली.

१ मे २०१६ ला गरीब घरच्या बायकांना गॅस जोडणी देणारी सरकारची उज्ज्वला योजना आली, गॅस घरोघर पोचला, हा बदल खरंच मोठा. २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेनं पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांची, वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, पण चूल पेटलेल्या बंद खोलीत तो आकडा गाठणं शक्यच नाही. आणि चूल आजही पेटते. चहा, भाजी गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, कारण सिलिंडरला पैसे लागतात अन् पऱ्हाटी आपल्याच वावरातून येते. उन्हाळ्यात निदान चूल अंगणात तरी असते, पावसाळा लागला की ती आत येते, आणि तेव्हा सरपण ओलं असतं.