लेखणीवर जगणारे समुद्री जीवशास्त्रज्ञ: पार्श्वभूमी

समुद्री जीवशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेली व्यक्ती संशोधन संस्थेतील नोकरीऐवजी मानधनावर मासिकांसाठी लिहू लागली, की तिने शास्त्र सोडले असे सहज म्हटले जाते. या विषयाच्या इतिहासात मात्र लेखणी फार आधीपासून आहे, आणि ती हाती धरायला लावणारे कारण बहुधा पैशाची ओढाताण हेच होते.

थॉमस हेन्री हक्सली १८४६ ते १८५० या काळात ‘रॅटलस्नेक’ या ब्रिटिश आरमारी जहाजावर सहायक शल्यचिकित्सक होते. जाळ्यात येणाऱ्या जेलीफिशचे शरीर मुळात दोन पटलांचे बनलेले असते, हे त्यांनी त्या प्रवासात दाखवून दिले. या कामामुळे १८५१ मध्ये, अवघ्या २६व्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पगाराची कायम जागा मिळायला मात्र १८५४ उजाडले. इंग्लंडमध्ये विज्ञानातून सारे काही मिळते, फक्त पैसा मिळत नाही, अशी तक्रार त्यांनी ऑस्ट्रेलियात वाट पाहत असलेल्या आपल्या वाग्दत्त वधूला पत्रातून कळवली होती. ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’ या नियतकालिकातील विज्ञानलेखन ही त्या ओढगस्तीच्या काळातील कमाई होय.

त्याच सुमारास इंग्रज निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांची पुस्तके खपत होती. १८५४ च्या ‘द ॲक्वेरियम’ने समुद्रजीव घरात पाळण्याचे वेड पसरवले. वाचक बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरले आणि खडकांमधील डबकी ओरबाडली गेली, अशी खंत पुढे त्यांच्या मुलानेच नोंदवली. लोकप्रिय लेखनाची ही बाजू सहसा कोणी सांगत नाही.

आजच्या अर्थाने मुक्त लेखनाचा नमुना घालून दिला तो रेचेल कार्सन यांनी. १९३२ मध्ये प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळवल्यावर, मंदीच्या दिवसांत आणि वडिलांच्या मृत्यूनंतर घरची जबाबदारी अंगावर असताना, त्यांनी अमेरिकेच्या मत्स्यव्यवसाय खात्यासाठी रेडिओची संहिता लिहिण्याचे काम पत्करले. खात्याच्या एका पुस्तिकेसाठी त्यांनी लिहिलेली प्रस्तावना वरिष्ठांनी परत केली; सरकारी कागदाला ती शोभण्यासारखी नाही, ‘अटलांटिक मंथली’ला पाठवा, असा त्यांचा सल्ला होता. सप्टेंबर १९३७ मध्ये ती तिथे छापून आली, लेखकाचे नाव ‘आर. एल. कार्सन’ असे. त्यातून उभे राहिलेले पहिले पुस्तक नोव्हेंबर १९४१ मध्ये निघाले आणि पुढच्याच महिन्यात अमेरिका युद्धात उतरल्याने जवळजवळ पडून राहिले. दिवसा खात्याचे काम आणि रात्री स्वतःचे लेखन, असा क्रम आणखी दहा वर्षे चालला. ‘द सी अराउंड अस’ (१९५१) सर्वाधिक खपाच्या यादीत झळकले (तिथे ते एकूण ८६ आठवडे राहिले), तेव्हा कुठे १९५२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. नोकरी सोडून लेखिका होण्याची ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. त्याआधीच्या पगारी वर्षांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

आता परिस्थिती पुन्हा हक्सलींच्या काळासारखी वाटते, कारण पीएचडी झालेल्यांच्या मानाने कायम जागा थोड्या आहेत. लेखाचा प्रस्ताव संपादकाला आधी पाठवायचा, मानधन अनेकदा शब्दसंख्येवर ठरते आणि काही ठिकाणी लेख छापून आल्यावरच हाती पडते. शोधनिबंधातील आलेख स्वतः तपासता येणे हे अशा लेखकाचे भांडवल. पण जुन्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांच्या संशोधनावर बातमी लिहायची झाल्यास तो संबंध संपादकाला आधी सांगावा लागतो, आणि बहुतेक वेळा ती बातमी दुसऱ्याकडे जाते.