पुश-फोल्ड डावपेच

पुश-फोल्ड हा नो-लिमिट टेक्सास होल्डेम पोकरच्या स्पर्धेत कमी चिप्स उरलेल्या खेळाडूने वापरायचा डावपेच आहे. हातात दोन पाने आली की दोनच गोष्टी करायच्या: सगळ्या चिप्स पुढे सारायच्या, म्हणजे पुश, किंवा पाने टाकून द्यायची, म्हणजे फोल्ड. थोडे लावून बघणे, नुसता कॉल करून, म्हणजे समोरच्याइतक्याच चिप्स भरून, पुढची पाने उघडण्याची वाट पाहणे हे मधले मार्ग बंद होतात. स्टॅक, म्हणजे खेळाडूकडच्या एकूण चिप्स, १० बिग ब्लाइंड किंवा त्याखाली गेला की हा डावपेच लागू होतो, असे साधारण मानले जाते. ब्लाइंड म्हणजे दर डावात दोघांनी पाने पाहण्याआधीच भरायच्या सक्तीच्या चिप्स: बिग ब्लाइंड पूर्ण, स्मॉल ब्लाइंड त्याच्या निम्मा.

१० ही मर्यादा कुठून आली, ते हिशेबातून दिसते. आठ बिग ब्लाइंड असलेल्याने अडीच लावले आणि बिग ब्लाइंडवर बसलेल्याने ऑल-इन केले, म्हणजे तेवढे सगळे लावले, तर पाने टाकलेल्या स्मॉल ब्लाइंडचा अर्धा धरून पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्समध्ये, ११ होतात आणि पहिल्याला आणखी ५.५ भरायचे असतात. जिंकण्याची शक्यता एकतृतीयांश असली तरी तो कॉल योग्य ठरतो, म्हणजे बहुतेक पानांना माघार घेता येत नाही. जे शेवटी लावावेच लागणार ते आधीच लावलेले बरे, कारण तेव्हा समोरचा पाने टाकण्याची शक्यता अजून शिल्लक असते. नुसते कॉल करून फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडणारी पहिली तीन सामाईक पाने, पाहणे तर आणखी महाग. जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगले काही मिळण्याची शक्यता जेमतेम ३२ टक्के असते.

ठाणे आणि नवी मुंबईत या डावपेचाशी गाठ पडते ती सहा ते नऊ जणांच्या एका टेबलावर. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचे क्लब हाउस असो, खारघरमधला मित्राचा फ्लॅट असो, मोबाइलवर टायमर लावून दर दहा मिनिटांनी ब्लाइंड वाढवले की दीडेक तासात निकाल लागतो आणि ठाणे-वाशी मार्गावरची शेवटची लोकलही चुकत नाही. मात्र वेग वाढला की स्टॅक लवकर आटतात, आणि निम्म्याहून अधिक खेळ पुश-फोल्डचाच होऊन बसतो. पैशांचा प्रश्न वेगळा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आणली. समोरासमोरच्या जुगाराला महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. म्हणून गुणांवर खेळणे हा सरळ मार्ग: पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०. नऊ जणांच्या स्पर्धांत बक्षिसाची रूढ वाटणीही हीच आहे, त्यामुळे खालचे गणित गुणांनाही तसेच लागू पडते.

समजा, वाशीतल्या अशा टेबलावर नऊपैकी चौघे उरले आहेत, प्रत्येकाकडे २,२५० चिप्स, ब्लाइंड १५०-३००. पहिले दोघे फोल्ड करतात. स्मॉल ब्लाइंडवाल्याने पाने टाकली तर त्याच्याकडे २,१०० उरतात. पुश केले आणि बिग ब्लाइंडवाल्याने पाने टाकली तर २,५५० होतात. समोरचा दहापैकी सहा वेळा पाने टाकत असेल, तर उरलेल्या चार वेळी फक्त ३२ टक्के जिंकूनही चिप्सच्या हिशेबात पुश तोट्यात जात नाही. गुलाम-नव्वी समोर एक्का-राजा असतानाही याहून जास्त वेळा जिंकते. पुशची खरी ताकद पानांपेक्षा समोरच्याच्या फोल्डमध्ये असते, आणि नवख्या खेळाडूला नेमके हेच पटायला वेळ लागतो.

आता त्याच डावात बिग ब्लाइंडवाल्याच्या खुर्चीवरून पाहू. त्याला ४,५०० च्या पॉटसाठी आणखी १,९५० भरायचे आहेत. नुसत्या चिप्स मोजल्या तर ४३ टक्के पुरतात. पण चौथ्याला गुण शून्य. चौघे बरोबरीत असताना प्रत्येकाचा वाटा २५ गुणांचा असतो. एकाला बाहेर काढून चिप्स दुप्पट झाल्या तरी वाटा ५० होत नाही, ३८.३ च होतो, कारण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे गुण उरलेल्यांनाही मिळणारच आहेत. पाने टाकली तर त्याच्याकडे सुमारे २२.८ गुणांचा वाटा राहतो. म्हणजे कॉलसाठी ४३ नव्हे, जवळजवळ ५९ टक्के शक्यता हवी. एरवी हसत कॉल करावी अशी एक्का-दश्शी इथे टाकावी लागू शकते. बक्षिसाच्या उंबरठ्यावरच्या या टप्प्याला बबल म्हणतात. सारा डावपेच सर्वांत जास्त इथेच कसाला लागतो: पुश सैल हातांनी, म्हणजे साध्या पानांवरही, आणि कॉल घट्ट हातांनी, म्हणजे भक्कम पानांवरच.

चिप्सचे बक्षिसाच्या वाट्यात रूपांतर करणाऱ्या या पद्धतीला इंडिपेंडंट चिप मॉडेल, म्हणजे आयसीएम, म्हणतात. तिचे मूळ सूत्र डेव्हिड हार्विल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतींसाठी मांडले होते. मेसन माल्मथ यांनी १९८७ मध्ये ते पोकरच्या स्पर्धांना लावले. चिप्सची निकड मोजण्यासाठी पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून ‘एम’ हा आकडा वापरतात. स्टॅकला दोन्ही ब्लाइंड आणि अँटी (ब्लाइंडशिवाय दर डावात भरायच्या थोड्या चिप्स) यांच्या बेरजेने भागले की एम मिळतो; काहीच न खेळता किती फेऱ्या तग धरता येईल, ते तो सांगतो. १९९५ चे विश्वविजेते डॅन हॅरिंग्टन यांच्या लिखाणातून तो सर्वत्र पोहोचला. छोट्या टेबलावर एम फसवा ठरतो. एम चार असला तर नऊ जणांत ३६ डाव मिळतात, चौघांत फक्त १६.

कोणत्या पानांवर पुश करावे याचे तक्ते गणिती जॉन नॅश यांच्या समतोलाच्या कल्पनेवर, म्हणजे एकट्याने चाल बदलून कोणालाच फायदा होणार नाही अशा स्थितीवर, बेतलेले असतात. दोघेच उरले आणि १० बिग ब्लाइंड असले, तर स्मॉल ब्लाइंडने सुमारे ५८ टक्के हातांवर पुश करावे आणि बिग ब्लाइंडने सुमारे ३७ टक्के हातांवर कॉल करावा, असे हे तक्ते सांगतात. पण समोरचाही तक्त्याप्रमाणेच खेळेल, हे त्यात गृहीत आहे. दिवाळीतल्या तीन पत्तीवर वाढलेल्या आपल्याकडच्या टेबलावर ‘बघू तरी काय आहे’ म्हणून कॉल करणारा हमखास असतो. त्याच्यापुढे बबलवर सत्ती-दुर्रीने पुश करणे म्हणजे स्वतःचे गुण त्याच्या हवाली करणे. तिथे जोड्या आणि मोठे एक्के यांची वाट पाहावी, आणि सैल पुश पाने टाकणाऱ्या शेजाऱ्यासाठी राखून ठेवावेत. स्पर्धेत अँटी असेल तर न लढता मिळणारा पॉट मोठा होतो, आणि सगळ्याच जागांवरून पुशची मर्यादा थोडी सैल करता येते.