प्रतिकृती विमानांच्या अचूक हवाई कसरती

रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विमानाने आकाशात ठरलेल्या आकृत्या, ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या जागी रेखीवपणे काढणे म्हणजे अचूक हवाई कसरती. एरोमॉडेलिंग करणारे या प्रकाराला नुसते ‘पॅटर्न’ म्हणतात. हवाई क्रीडांची जागतिक संघटना एफएआय हिच्या वर्गवारीत त्याला एफ३ए अशी संज्ञा आहे. याचे एक जुने भावंड एफ२बी. त्यात पायलट वर्तुळाच्या मध्यभागी उभा राहतो आणि १५ ते २१.५ मीटर लांबीच्या तारांनी विमान हाताशी जोडलेले असते. प्रस्तुत नोंद रेडिओ-नियंत्रित प्रकाराविषयी आहे. साधे विमान सुखरूप उडवून उतरवणारा क्लबचा सभासद या कलेकडे कसा वळतो, यावर तिचा भर आहे.

कसरत म्हटले की गिरक्या, कोलांट्या आणि जमिनीला घासून जाणारे विमान डोळ्यांसमोर येते. पॅटर्नमध्ये मात्र पाहणाऱ्याची नजर विमानापेक्षा त्याने मागे सोडलेल्या अदृश्य रेघेवर असते. विमानाच्या शेपटीतून शाई गळते आहे अशी कल्पना केली, तर शेवटी आकाशात जे चित्र उरेल त्याला गुण मिळतात. लूप (विमानाने उभ्यात मारलेला पूर्ण फेरा) गोल हवा, उभी रेघ खरोखर उभी हवी, रोल (स्वतःच्या लांबीभोवतीची गिरकी) रेघेच्या बरोबर मधोमध हवा. दोन आकृत्यांना जोडणारी सपाट सरळ रेषा हाही चित्राचाच भाग असतो. नवख्याला तीच सर्वांत अवघड जाते आणि शिकायला सुरुवात तिथूनच करावी लागते.

उगम व वाढ : या प्रकारातील पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६० मध्ये स्वित्झर्लंडमधील ड्यूबेनडॉर्फ येथे झाली. अमेरिकेच्या एड काझमिर्स्की यांनी आपल्या ‘ओरायन’ या विमानाने ती जिंकली. त्या काळातील रीड पद्धतीच्या रेडिओत काठ्यांऐवजी बटणे असत. बटण दाबले की एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा आडवा पृष्ठभाग) पूर्ण हलायचा, सोडले की मध्यावर यायचा. अधलेमधले काही नसे. पायलट बटण टकटक दाबून वळणे गोल करीत. काठी जितकी सरकवावी तितकाच पृष्ठभाग हलवणारा प्रपोर्शनल रेडिओ आल्यावर आकृत्यांना खरी गोलाई आली. पुढे ऑस्ट्रियाचे हान्नो प्रेटनर आणि फ्रान्सचे क्रिस्टोफ पेसाँ-ल रू यांनी अनेकदा जगज्जेतेपद मिळवले.

१९८०च्या दशकात या खेळाचे रूपच बदलले. तोवर प्रत्येक आकृती पायलटच्या समोर मधोमध काढली जाई. मग विमान दूर नेऊन, सावकाश वळवून, दम घेऊन पुढची आकृती. ‘टर्नअराउंड’ पद्धत आली आणि वळणेसुद्धा गुणांची झाली. आता मध्यात एक आकृती, टोकाला वळवणारी एक, पुन्हा मध्यात एक, असा अखंड धागा चालतो. मधल्या आकृतीतून विमान जरा वाकडे बाहेर पडले, तर ती चूक पुढच्या तीन-चार आकृत्यांपर्यंत पाझरत जाते.

चौकट व गुणदान : उड्डाण एका काल्पनिक चौकटीत होते. पायलटपासून सुमारे १५० मीटर अंतरावर, धावपट्टीला समांतर असा एक उभा पडदा आहे असे समजावे. मध्यरेषेच्या डावीकडे ६० अंश, उजवीकडे ६० अंश आणि वर ६० अंश, एवढी या पडद्याची व्याप्ती. १५० मीटरवर तिचा हिशेब साधारण ५२० मीटर रुंदी आणि २६० मीटर उंची असा होतो. आकडे प्रशस्त वाटतात. ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगाच्या विमानाला मात्र ही पूर्ण रुंदी ओलांडायला पंधरा-अठरा सेकंदच लागतात, आणि तेवढ्यात मधली एक आकृती पुरी करून टोकाची सुरू करायची असते.

परीक्षक पायलटच्या मागे बसतात. प्रत्येक आकृती १० गुणांनी सुरू होते आणि चुका दिसतील तसे गुण कापले जातात. सुमारे १५ अंशांच्या चुकीला १ गुण, हे सर्वांच्या तोंडी असलेले माप आहे. मिळालेल्या गुणांना त्या आकृतीच्या काठिण्यांकाने गुणतात. फेरीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याचे १,००० धरून इतरांचे त्या प्रमाणात काढतात. परीक्षण विमानाच्या मार्गाचे होते, त्याचे नाक कुठे वळले आहे याचे नाही, हे सभासदांना पहिल्याच दिवशी सांगावे. आडवा वारा असेल तर रडरने (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या उभ्या पृष्ठभागाने) नाक वाऱ्याकडे तिरपे धरून, पंख सपाट ठेवून, विमान रेषेवरच चालवायचे असते. तिरपे नाक ही इथे चूक धरत नाहीत.

दोन आकृत्या जवळून : पॅटर्नचे मर्म कळायला स्लो रोल पुरेसा आहे. साध्या रोलमध्ये एलेरॉनची (विमान कलते करणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेवरील पृष्ठभागांची) काठी एका बाजूला दाबली की विमान स्वतःभोवती फिरून सरळ होते, पण वाटेत उंची गमावते. स्लो रोल मात्र समान गतीने, उंची न सोडता, लांबलचक काढायचा असतो. उजवीकडचा रोल घेऊ. एलेरॉन थोडासा उजवीकडे धरला. पंख उभे होऊ लागले की पंखांचा आधार सुटत जातो आणि नाक वर धरायला डावा रडर हळूहळू भरावा लागतो. विमान उलटे होत आले की तो रडर सोडत सोडत एलेव्हेटर पुढे ढकलायचा, म्हणजे उलट्या विमानाचे नाक खाली पडत नाही. पुन्हा पंख उभे होताना एलेव्हेटर मध्यावर आणि आता उजवा रडर. शेवटी सगळे काही मध्यावर. या सगळ्यात एलेरॉन जराही हलता कामा नये. दोन्ही अंगठे निरनिराळ्या लयीत चालतात, तबल्यावर डाव्या-उजव्या हाताचे बोल वेगळे चालावेत तसे. पहिले कित्येक दिवस उलट्या अवस्थेतून बाहेर येताना रडर विसरायला होतो किंवा चुकीच्या बाजूला जातो. जमिनीवर उभे राहून, हातात छोटे विमान धरून ते हळूहळू फिरवत प्रत्येक टप्प्यावरची काठी तोंडाने म्हणायची, हा यावरचा उत्तम उपाय आहे.

दुसरी आकृती स्टॉल टर्न, टोकाला विमान वळवण्याची. विमान पाव लूपने सरळ वर चढते. थ्रॉटल (मोटरची ताकद) कमी होत जातो आणि विमान जवळजवळ थांबते. त्या क्षणी पूर्ण रडर. विमान आपल्या मध्याभोवती खाटकन वळते आणि त्याच रेघेने खाली येते. रडर आधी दिला तर वळण फताडे होते आणि गुण जातात. उशीर झाला तर रडरवरून पुरेशी हवाच वाहत नसते आणि विमान शेपटीवर घसरते किंवा भलतीकडे कोसळते. प्रॉपेलरची हवा रडरवर राहावी म्हणून थ्रॉटल अगदी शून्यावर नेत नाहीत. नेहमीच्या दिशेने फिरणारा एकच प्रॉपेलर असेल तर डावीकडचे वळण जास्त सहज होते. वारा उजवीकडून असेल तर उभे चढणारे विमान डावीकडे वाहत जाते, म्हणून चढतानाच त्याला किंचित वाऱ्याकडे कलते धरावे लागते.

लूपमध्येही वाऱ्याचा असाच हिशेब आहे. वाऱ्याच्या तोंडावर सुरू केलेल्या लूपचा खालचा अर्धा भाग वाऱ्याविरुद्ध असतो आणि वरचा वाऱ्याबरोबर. म्हणून खाली एलेव्हेटर सैल आणि माथ्यावर घट्ट. चढताना थ्रॉटल भरायचा, उतरताना काढून घ्यायचा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून एकाच ओढीने काढलेला लूप खालून पाहणाऱ्याला अंड्यासारखा दिसतो.

विमान व ट्रिम : एफ३ए विमानाची लांबी २ मीटर आणि पंखविस्तारही २ मीटरपर्यंतच असू शकतो. वजनाला वर्षानुवर्षे ५ किलोग्रॅमची मर्यादा होती. पूर्वी १० घनसेंटीमीटरची दोन-स्ट्रोक ग्लो इंजिने वापरत, पुढे मोठी चार-स्ट्रोक आली, आता बहुतांश विमाने विजेवर चालतात. एकाच अक्षावर उलटसुलट फिरणाऱ्या दोन प्रॉपेलरांची जोडीही वापरात आहे. तिच्यामुळे मोटरच्या पिळाने विमान एका बाजूला ओढले जाण्याचा त्रास जवळजवळ संपतो.

क्लबच्या सभासदाला यातले काहीच सुरुवातीला लागत नाही. मधल्या किंवा खालच्या पंखाचे, एलेरॉन असलेले, बऱ्यापैकी ताकदीचे कोणतेही स्पोर्ट विमान चालते. महागडे विमान आधी घेऊन मग शिकायला निघालेला माणूस ते पडेल या भीतीने उडवतच नाही, असे फार वेळा घडते. त्यापेक्षा आहे तेच विमान नीट ट्रिम करावे, म्हणजे काठ्या न हलवता सरळ उडेल असे जुळवून घ्यावे. ४५ अंशांत चढत विमान उलटे करावे आणि एलेव्हेटर मोकळा सोडावा. नाक झपाट्याने जमिनीकडे गेले तर गुरुत्वमध्य फार पुढे आहे. विमान उलटेच वर चढू लागले तर तो फार मागे आहे. सरळ जाऊन अगदी सावकाश खाली झुकले तर ठीक. मग पूर्ण थ्रॉटलने उभे चढवावे. विमान डावीकडे सरकत असेल तर मोटर किंचित उजवीकडे झुकवून बसवतात. दोन्ही पंखांचे वजन सारखे आहे ना हेही पाहावे, कारण एका टोकाला थोडे जास्त वजन असले तरी लूपमधून विमान तिरके बाहेर पडते. शेवटी पंख उभे धरून नुसत्या रडरवर उडवून पाहावे. विमान पोटाकडे किंवा पाठीकडे ओढत असेल तर ट्रान्समीटरमध्ये रडरबरोबर थोडा एलेव्हेटर मिसळता येतो. एकदा नीट ट्रिम झालेले विमान उडवल्यावर आपण आजवर दर क्षणी किती दुरुस्त्या करत होतो ते हाताला कळते.

क्लबमधील सुरुवात : पहिल्या दिवशी कसरत नको, रेषा हवी. धावपट्टीपलीकडे ओळखीची एक खूण निवडावी. लहान विमानाला १५० मीटर फार होतात, पंख सपाट आहेत की कललेले तेच दिसत नाही, म्हणून १०० मीटरच्या आसपासची रेषा बरी. त्या रेषेवर डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, एकाच उंचीवर, एकाच अंतरावर, दहा-दहा फेऱ्या. ऐकायला हे पोरकट वाटते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे उडवणाऱ्यांचीही विमाने दर फेरीला थोडी थोडी स्वतःकडे सरकत येतात, आणि एका बाजूची फेरी दुसरीपेक्षा उंच जाते. कारण सोपे आहे : विमान आजवर आपण सुरक्षित ठेवण्यासाठी उडवले, ते नेमके कुठे आहे हे कधी विचारलेच नाही.

रेषा जमू लागली की सहा आकृत्यांची छोटी मालिका द्यावी. मध्यात वाऱ्याच्या तोंडावर दोन लूप, टोकाला स्टॉल टर्न, मध्यात एक रोल, दुसऱ्या टोकाला इमेलमन (वर जाणारा अर्धा लूप आणि मग अर्धा रोल), वर मध्यात उलटे उड्डाण, आणि टोकाला स्प्लिट एसने (अर्धा रोल आणि मग खाली येणारा अर्धा लूप) खाली. वर जाणारी आणि खाली आणणारी आकृती जोडीने येते, म्हणून विमान आपोआप मूळ उंचीवर परतते. मालिका कार्डावर चित्ररूपाने काढतात. या चित्रलिपीचा पाया स्पेनचे कसरतपटू होसे लुईस अरेस्ती यांनी घातला आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. ठिपका म्हणजे सुरुवात, तुटक रेघ म्हणजे उलटे विमान, एवढे कळले तरी कार्ड वाचता येते.

कार्ड वाचतो तो ‘कॉलर’. तो पायलटच्या खांद्यामागे उभा राहून पुढची आकृती सांगतो, कारण पायलटला नजर विमानावरून हलवता येत नाही. चांगला कॉलर कमी बोलतो : “पुढे स्टॉल टर्न. डावीकडे. वारा उजवीकडून.” बस. मैदानावरची दुसरी विमाने, धावपट्टीवर आलेली माणसे यांच्यावरही त्याचेच लक्ष असते. प्रेक्षक आणि गाड्या यांच्या बाजूला विमान कधीच वळवायचे नाही, आणि नवी आकृती आधी दोन चुका पचतील इतक्या उंचीवर करायची, हे नियम त्यानेच पाळून घ्यायचे.

पुढच्या पायऱ्या देशोदेशी आखलेल्या आहेत. अमेरिकेत स्पोर्ट्समन, इंटरमीडिएट, अॅडव्हान्स्ड आणि मास्टर्स असे वर्ग चढत एफ३एपर्यंत जाता येते, तर ब्रिटनमध्ये पहिल्या वर्गाचे नावच ‘क्लबमन’ आहे. स्पर्धेत न उतरणाऱ्यालाही या मालिका सरावासाठी उपयोगी पडतात.

सगळ्यात जास्त शिकवते ती परीक्षकाची खुर्ची. पायलटमागे दोन खुर्च्या मांडाव्यात, कागद-पेन्सिल द्यावी आणि उडवून झालेल्या प्रत्येक सभासदाला पुढच्याच्या उड्डाणाला गुण द्यायला बसवावे. स्वतः उडवताना दिसत नाही ते तिथे बसून दिसते : लूपच्या आधीच डावा पंख खाली होता, म्हणून लूप तिरका निघाला, रोल मध्यरेषेच्या फार पुढे सुरू झाला. दोन परीक्षकांनी एकाच आकृतीला ८ आणि ५ दिले की दोघे मिळून पायलटकडे जातात, आणि तिघांत वाद सुरू होतो तो पंख नेमका कधी पडला याचा. तेवढ्यात पुढचा पायलट बॅटरी लावून, पृष्ठभाग हलवून पाहून तयार असतो, आणि आताच उतरलेला त्याच्या मागे खुर्चीत येऊन बसतो.