एजंट-सूचनांचे मूल्यमापन (डेप्रिकेटेड लायब्ररीवरील कोडची देखभाल)

निर्मात्यांनी विकास थांबवलेल्या किंवा ‘वापरू नका’ म्हटलेल्या (डेप्रिकेटेड) सॉफ्टवेअर लायब्ररीवर, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडच्या संचावर, चालणारा कोड सांभाळताना कोडिंग एजंटला (स्वतः कोड लिहिणाऱ्या व बदलणाऱ्या एआय प्रोग्रामला) दिलेल्या लेखी सूचनांचा उपयोग किती होतो, हे पारखण्याची पद्धती. या सूचना बहुधा प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमधील साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात आणि एजंट कामाला लागण्यापूर्वी ती फाइल वाचतो. ‘एजंट्स.एमडी’ हे त्या फाइलचे नाव साधारणतः २०२५ पासून रूढ झाले.

पद्धतीच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार ती भाषा-मॉडेलांना सूचना लिहिण्याच्या अलीकडच्या प्रथेतून निघाली, म्हणजे २०२३ च्या मागे तिला इतिहास नाही. दुसऱ्या मतानुसार तिचे मूळ जुना कोड आज जसा वागतो तसाच चाचण्यांत (कोडचे वागणे आपोआप तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रामांत) बांधून ठेवण्याच्या शिस्तीत आहे. ही शिस्त निदान २००४ पासून ग्रंथबद्ध आहे. मूल्यमापनात प्रत्यक्ष वापरली जाणारी साधने पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते. डेप्रिकेशनची खूण त्याहूनही जुनी आहे. जावा या प्रोग्रामिंग भाषेत ती १९९७ च्या जेडीके १.१ या आवृत्तीत दस्तऐवजातील टॅग म्हणून आली, २००४ च्या जावा ५ मध्ये कोडातच लिहायची खूण, म्हणजे अ‍ॅनोटेशन झाली आणि जावा ९ (२०१७) मध्ये ‘पुढे काढून टाकणार’ असे वेगळे सांगण्याची सोय झाली. अखेरचा भेद महत्त्वाचा आहे. ‘वापरू नका’, ‘लवकरच जाणार’ आणि ‘आधार (निर्मात्याकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या व मदत) संपला’ या तीन वेगळ्या अवस्था असून सूचनाफाइलीत त्यांची सरमिसळ सर्रास आढळते. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिक ६ या भाषेच्या विकास-साधनाचा आधार ८ एप्रिल २००८ रोजी संपला, पण त्यात लिहिलेले प्रोग्राम चालवणारा रनटाइम विंडोजसोबत टिकून राहिला.

जावास्क्रिप्टमधील तारखांची लायब्ररी ‘मोमेंट’ हे या विषयाचे सोयीचे उदाहरण आहे. सप्टेंबर २०२० मध्ये तिच्या चमूने ती केवळ देखभालीपुरती राहील असे जाहीर केले आणि नव्या प्रकल्पांसाठी लक्सन, डे.जेएस आदी पर्याय सुचवले. हिंगणघाट, वणी, अकोट या कापूसपट्ट्यातील एखाद्या जिनिंगचा (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचा) काटापट्टी (वजनाची पावती) व चुकाऱ्याचा (शेतकऱ्याला द्यायच्या पैशांचा) प्रोग्राम मोमेंटवर लिहिलेला आहे असे धरू. ‘छपाईतील चूक दुरुस्त कर’ एवढेच सांगितलेला एजंट अनेकदा जाता जाता लायब्ररीही बदलू पाहतो. एजंटमागच्या भाषा-मॉडेलने शिकलेल्या मजकुरात ‘मोमेंट सोडा’ हा सल्ला मुबलक असल्याने हे नवल नाही.

असा बदल वरवर निरुपद्रवी दिसतो. मोमेंटमध्ये महिने ० पासून मोजले जातात, म्हणून कापूस वर्षाचा आरंभ, ऑक्टोबर, ९ या अंकाने लिहिला जातो. लक्सनमध्ये महिने १ पासून आहेत, म्हणजे तोच ९ सप्टेंबर होतो आणि हंगामाचा हिशेब महिनाभर आधी उघडतो. डे.जेएसमध्ये मोजणी ० पासूनच आहे, तरी दुसरा फरक उरतोच. मोमेंटमध्ये खरेदीच्या तारखेत सात दिवस मिळवून चुकाऱ्याची तारीख काढली, तर मूळ तारीखही सात दिवस सरकते. जुन्या कोडमध्ये पुढच्या ओळीत सात दिवस वजा करून ती जागेवर आणण्याची युक्ती असू शकते. लक्सन व डे.जेएसमध्ये मूळ तारीख मुळात हलत नाही, त्यामुळे उरलेल्या वजाबाकीचे उत्तर खरेदीच्या तारखेत साठवले गेले, तर खरेदीच आठवडाभर मागे जाते. छपाईच्या साच्यातील ‘डीडी’ म्हणजे मोमेंटमध्ये दोन आकडी दिवस, तर लक्सनमध्ये महिन्याच्या संक्षेपासह अख्खी तारीख. यातल्या एकाही ठिकाणी प्रोग्राम बंद पडत नाही. कास्तकाराच्या हाती पट्टी पडते, फक्त तीवरची तारीख चुकलेली असते.

मराठी वापरकर्त्याला जाचणारा मुद्दा अंकांचा आहे. मोमेंटच्या मराठी स्थानिकीकरणात तारीख छापताना इंग्रजी अंकांचे देवनागरी अंक आपोआप होतात आणि वाचताना उलट रूपांतर होते. डे.जेएसमध्ये त्यासाठी वेगळी सोय करावी लागते. ती न केल्यास पट्टीवर महिना मराठीत आणि आकडे इंग्रजीत असा मिश्र प्रकार उमटतो. प्रचलित चाचणीसंच बहुधा इंग्रजी तारखांवर चालतात, त्यामुळे ही चूक त्यांच्या नजरेतून निसटते.

मूल्यमापनाची मूळ रीत साधी आहे. तेच काम एकदा सूचनाफाइलीसह आणि एकदा तिच्याविना, प्रत्येकी अनेक वेळा करून घ्यावे. अनेक वेळा यासाठी, की एजंट दर वेळी सारखे वागत नाही. मग एकेक वाक्य गाळून पाहावे. गाळल्याने काहीच न बदलणारे वाक्य फाइलीत केवळ जागा अडवते. अनेक प्रयत्नांपैकी एकदा तरी यश मिळाले का, हे मोजण्याचा प्रघात मॉडेलांची कोड लिहिण्याची क्षमता तपासणाऱ्या २०२१ च्या ‘ह्युमनइव्हॅल’ संचापासून पसरला. देखभालीला मात्र सर्वच प्रयत्न यशस्वी झाले का, हा कठोर निकष जवळचा आहे. ‘एसडब्ल्यूई-बेंच’ (२०२३) या १२ पायथॉन प्रकल्पांतील २,२९४ कामांच्या संचात दोन प्रकारच्या चाचण्या असतात: आधी नापास होऊन दुरुस्तीनंतर पास व्हायला हव्यात अशा, आणि आधीपासून पास असून तशाच राहायला हव्यात अशा. चर्चा पहिल्या प्रकाराची अधिक होते. डेप्रिकेटेड लायब्ररीच्या बाबतीत दुसऱ्याला अधिक वजन देणे योग्य, कारण येथे मुख्य जोखीम न मागितलेल्या बदलाची आहे. उदाहरणातील जिनिंगपुरते बोलायचे तर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, हा भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीचा नियम अंमलात आणणारे गणित आणि त्यातील पूर्णांकन (अपूर्णांक जवळच्या पूर्ण आकड्यावर आणणे) आधी चाचण्यांत बांधून घ्यावे लागते.

सूचनेच्या भाषेविषयीही मतभेद आहेत. काहींच्या मते ‘नवी लायब्ररी आणू नये’ ही आज्ञा पुरेशी असते. इतर कारण आणि पर्यायही लिहावा असे म्हणतात. नुसत्या मनाईचा एक तोटा उघड आहे. मोमेंटमधील दोन सुरक्षादोष २०२२ मध्ये दुरुस्त झाले, दुसरा २.२९.४ या आवृत्तीत. ‘आवृत्ती बदलू नये’ अशी सूचना काटेकोर पाळणारा एजंट ही दुरुस्तीही नाकारेल. तेव्हा ‘२.२९.४ च्या खाली जाऊ नये, मुख्य आवृत्ती २ सोडू नये’ अशी दुहेरी मर्यादा बरी.

ग्रामीण विदर्भात परिस्थितीचेही नियम लागू होतात. जेथे इंटरनेटचा भरवसा नाही तेथे लायब्ररीची प्रत प्रकल्पातच ठेवलेली बरी, आणि एजंटने ती नव्याने उतरवून घेऊ नये हे फाइलीत लिहावे. मूल्यमापनही नेट बंद ठेवूनच करावे. दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की बदल थांबवून, मोठी कामे पावसाळ्यात उरकणे सोयीचे. भंडारा-गोंदियाकडील धान खरेदीच्या नोंदींनाही थोड्याफार फरकाने हेच लागू पडते.